काचेजवळची जागा

पुलापलीकडून मोटारसायकलींचा आवाज आला तेव्हा ती चौथा ॲपल पाय ओव्हनमधून बाहेर काढत होती. चौदा जण यायचे. माणशी दोन तुकडे, वर एखाद्याला घरी न्यायला. पाच वर्षांत हिशेब पाठ झाला होता.

आज सांगून टाकायचंच, असं तिने सकाळपासून चार वेळा ठरवलं होतं. तिचं हे रेस्टॉरंट विकत घ्यायला एक जोडपं तयार झालं होतं. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या. धाकटी बहीण राहायची त्या शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामही ठरलं होतं. तिथे तिला कुणी वहिनी म्हणणार नव्हतं. या गावात तर तिचं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

“वहिनी, आम्ही तुमच्या पाया पडायला नाही, पाय खायला आलो!” मिस्त्री दारातूनच ओरडला. त्याचं नाक्यावर गॅरेज होतं. या विनोदाला पूर्वी सगळ्यात मोठ्याने तिचा नवरा हसायचा. आता तेवढं हसू बाकीचे तेरा जण वाटून घेत. पाच वर्षांपूर्वी असेच सगळे इथे येत असताना पुलावर त्याची गाडी घसरली. तेव्हापासून दरवर्षी त्याच रविवारी ही मंडळी त्याच रस्त्याने यायची, तेच खायची आणि डोळे पुसून परत जायची. पहिल्या वर्षी तीही त्यांच्याबरोबर रडली होती.

“भाऊजी, बसायच्या आधी मला जरा बोलायचंय.”

“बोलू की. आधी आमचं ऐका. डोळे मिटा.”

“अहो, हे काय भलतंच?”

“मिटा हो, वहिनी. लहान मुलासारखं काय करताय!”

पिठाचे हात पदराला पुसून तिने डोळे मिटले. टेबल फरफटल्याचा आवाज आला. मग बाहेर टेम्पोचं फळकं पडल्याचा आणि दाराच्या दोन्ही झडपा उघडल्याचा. “जपून, जपून... तुझ्याकडे घे... अरे, भिंत पाडतोस का?” ताज्या रंगाचा वास आला.

“हं, उघडा.”

दर्शनी काचेजवळचं दोघांचं टेबल कोपऱ्यात सरकवलं होतं. त्या जागी त्याची लाल मोटारसायकल उभी होती. वाकलेलं हँडल सरळ झालं होतं. टाकीचा पोचा ठोकून काढला होता. अपघातानंतर तिनेच मिस्त्रीला सांगितलं होतं, ती भंगारात घाला, मला पुन्हा दिसायला नको.

“अडीच वर्षं खपतोय आम्ही,” त्यांच्यातला वेल्डर म्हणाला. “तुम्हाला पत्ता लागू दिला नाही.”

“आता रोज नजरेसमोर राहील,” म्हातारा पोस्टमन म्हणाला आणि नाक शिंकरायला वळला.

तिने सीटवरून हात फिरवला. कातडं नवं होतं.

“चालते का?” तिने विचारलं.

मिस्त्री हसला. “चालायची कशाला, वहिनी? इंजिन काढून टाकलंय. खाली बोल्ट मारून फरशीत पक्की करून देतो. मग कुणी धक्का मारला तरी हलायची नाही.” त्याने ड्रिल मशीन पिशवीतून काढलंसुद्धा.

“नको.”

“धूळ नाही होणार. मी सगळं झाडून...”

“भाऊजी, मी हे विकतेय. महिनाअखेर जातेय मी इथून.”

कुणी खुर्ची ओढत होतं, ते मध्येच थांबलं. शब्द बाहेर पडले म्हणून तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं, की हसूच यायचं बाकी होतं.

मिस्त्री ड्रिल हातात धरून खाली फरशीवर बसला. नजर गाडीच्या चाकावर होती.

“हॉर्न मी दिला होता,” तो म्हणाला.

“कुठला हॉर्न?”

“त्या दिवशी. पुलावर. तो सावकाश चालला होता, रस्ता ओला होता म्हणून. मी मागून हॉर्नवर हॉर्न दिले. ओरडलो, अरे, हाण की, तिकडे पाय गार होतोय.” त्याने मान वर केली नाही. “कुणालाच माहीत नाही हे. घरीसुद्धा बोललो नाही. वर्षातून एकदा इथे येतो, तुम्ही बशी पुढे करता, खा म्हणता... तेवढ्यावर पुढचं वर्ष ढकलतो मी, वहिनी.”

पोस्टमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो मिस्त्रीला कळलासुद्धा नसावा. पन्नाशी उलटलेला दांडगा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

तिला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली. राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, दार उघडून त्या सगळ्यांना बाहेर काढता आलं असतं. तिने बहिणीच्या घराची खिडकी आठवून पाहिली, शाळेचं ते मोठं स्वयंपाकघर आठवून पाहिलं. काहीच नीट आठवेना. समोर फक्त चौदा माणसं होती, एक फरशीवर बसलेला आणि तेरा हेल्मेटं काखेत धरून उभे.

ती आत गेली. सुरी घेऊन आली, पहिला तुकडा कापला, बशीत घातला आणि मिस्त्रीसमोर वाकून ती त्याच्या हातात दिली.

“खा,” ती म्हणाली.

त्याने घास घेतला. मग बाहीने तोंड पुसून त्याने विचारलं, “मग या गाडीचं काय करू?”

तिने एकदा मोटारसायकलकडे पाहिलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं.

“बसवा बोल्ट,” ती म्हणाली. “घेणाऱ्यांना मी नाही म्हणून कळवते. फक्त रस्त्याकडे तोंड करून बसवा. बाहेरचं दिसू दे तिला.”