राघो नाईकाचा दगड

सकाळचं ऊन तिरपं पडलं की मगच त्या दगडावरची अक्षरं उठून दिसत. एरवी नाक लावून बघितलं तरी काही कळायचं नाही, इतकी ती झिजलेली. ते ऊन गाठायचं म्हणून लीलाधर नानांनी धुळ्याच्या इतिहास मंडळातल्या चौघांना झोपेतून उठवून गाडीत घातलं होतं. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पाड्यावर गाडी थांबली, तेव्हा ऊन अगदी हवं तसं पडलं होतं. नाना स्वतःवरच खूश झाले.

त्यांचं पुस्तक नुकतंच निघालं होतं. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी करता करता सुट्टीचा एकेक दिवस त्यांनी रानातल्या दगडांना वाहिला, त्याचं हे फळ. मंडळात सगळे वा वा म्हणाले. पंडित सर तेवढे गप्प राहिले. आणि मंडळाची रीत अशी, की पंडित सरांची मान हलल्याशिवाय पुस्तकाला कोणी पुस्तक म्हणत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की राघो नाईकाचं प्रकरण या पुस्तकाचा कणा आहे. घाट अडवून मेलेल्या एका रानातल्या माणसाचं नाव दगडावर कोरलेलं सापडलं, ही गोष्ट मोठी आहे. तर मग दगड दाखवा.

पुस्तकातला फोटो छापखान्यात काळाठिक्कर पडला होता आणि मूळ फोटोही काही फार बोलत नव्हता. ओला कागद ठोकून अक्षरांचा ठसा घ्यायला हवा होता, हे नानांनाही कळत होतं. पण दगड काय पळून जातोय, म्हणत ते काम लांबत गेलं. खरं सांगायचं तर ज्या पहिल्या ओळीत नाव होतं तिच्याबद्दल त्यांच्या स्वतःच्याच मनात थोडी पाल चुकचुकत होती. आज पंडित सरांना शेजारी बसवायचं, दोघांनी मिळून ती ओळ लावायची आणि एकदाचं मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पाड्यावर लोक त्यांची वाट बघत होते. तेरसिंग पावरा पुढे आला. मागच्या खेपेला नानांनी त्याला पुस्तकाची एक प्रत दिली होती, त्यातलं पान उघडून वाचून दाखवलं होतं. आज तो हसत हसत सगळ्यांना चिंचेखाली घेऊन गेला.

चिंचेखाली दगड नव्हता. म्हणजे होता, पण फरशी बसवलेल्या ओट्यावर, चंदेरी रंगात, मोठे काळे डोळे काढलेला आणि गळ्यात झेंडूचा हार घातलेला. खाली लाल रंगात ठळक लिहिलं होतं, राघो नाईक.

नाना ओट्यापाशी बसले. ऊन दगडावर तिरपंच येत होतं आणि त्यात आरशासारखी चकाकी सोडून काही नव्हतं. अक्षरं रंगाखाली असतील, रंग काढता येतो, असं ते मनाशी म्हणत होते. तेवढ्यात तेरसिंगनं स्वतःच सांगून टाकलं.

"तुम्हीन सांगेल व्हतं ना नाना, हाऊ तुमना ठेवा शे, जपा. मंग पहिले मशीन फिरावं, बठ्ठी खरबड काढी टाकी. आन मंग रंग दिधा."

फरशी बसवणाऱ्याकडचं घासायचं मशीन आणून दगडावरचा सगळा खडबडीतपणा घासून गुळगुळीत केला होता म्हणे. सगळा पाडा कामाला लागला होता.

 नानांना ओरडावं असं वाटलं, पण कोणावर? या माणसांनी त्यांचाच शब्द पाळला होता, आणि तोही त्यांच्या ऐपतीपेक्षा जास्त. गाडीतली बाकीची मंडळी तोवर दगडाशेजारी उभी राहून फोटो काढू लागली होती.

पाड्यातली सगळ्यात म्हातारी मोतीबाई. ती काठी टेकत पुढे आली आणि नानांच्या पाया पडायला वाकली. नानांनी घाईघाईनं तिला धरलं.

"इतला वरीस नुसता दगड व्हता," ती म्हणाली. "तुमना पुस्तकनी त्याले नाव दिधं. आते नारळ तुम्हलेच फोडना शे."

पंडित सर इतका वेळ दगडाभोवती फिरत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दगडाची पाठ बघितली, कडा बघितल्या, मग रुमालानं हात पुसले. आता ते टोमणा मारतील म्हणून नाना मान खाली घालून तयार राहिले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. सरांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाड्यातल्या माणसांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"लीलाधरभाऊ, नाव नक्की हेच होतं ना?"

 तेरसिंग नारळ घेऊन उभा होता. त्याच्या मागे सगळा पाडा हात जोडून उभा होता, बायांनी डोक्यावर पदर घेतले होते. नानांनी नेहमीच्या सवयीनं पहिल्या ओळीच्या जागेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही, थोडा ओला चंदेरी रंग तेवढा लागला.

"हेच होतं," ते म्हणाले, आणि नारळासाठी हात पुढे केला.