राईतला पातेरा

एकोणीसशे तेहतीसच्या फाल्गुनात औंढ्याची कस्तुराबाई भाताच्या रोपांची जागा भाजायच्या राबासाठी गळलेल्या पानांचा पातेरा गोळा करायला राईच्या खालच्या अंगाला गेली. तिला सहावा महिना लागला होता. तिथे झऱ्यामुळे जमीन बारमाही ओली असे, पण वर पानांचा जाड थर साचल्याने ते कळत नसे.

दोन पावलांतच ती काळ्या, लोण्यासारख्या मातीत कमरेपर्यंत खचली. हाका मारून घसा बसला. चिखल छातीला आला, तेव्हा तळपायांखाली काहीतरी आलं. त्याने तिला सावकाश वर उचललं आणि कडेच्या मुळांशी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला, अंबाजीला, नारळ घेऊन तिथे घेऊन आली.

"दगड लागला आसंल पायाला," अंबाजी म्हणाला.

"न्हाई वो. हात हुतं. ऊन ऊन हुतं."

अंबाजीने हातातली लांब वेळूची काठी पानांतून खाली घातली. ती जातच राहिली. तळ लागेना. शेवटी ती हातातून निसटून पूर्ण आत गेली आणि वर पानं मिटली.

अंबाजीने नारळ वाढवला आणि जमिनीवर डोकं टेकलं.

"माजी दोन मानसं राखलीस," तो म्हणाला. "लय उपकार झालं."

तो उठला, तेवढ्यात कस्तुराबाईने त्याचा दंड धरला. पानं हलत होती. त्यांतून काठी सरळ वर आली, त्याच्या हाताशी येऊन थांबली.

अंबाजीने ती धरली, तेव्हा कुठे खालची पकड सैल झाली.