झिराडकर

सकाळी नेहमीप्रमाणे पोहे भिजवून आणि नारळ खवून झाल्यावर दिनाबाई मुलासोबत इस्रायलमधल्या अश्दोदच्या ज्यू दफनभूमीत गेल्या. पतीच्या कबरीवर नवा दगड बसला होता, सगळा हिब्रूत. दिनाबाईंना हिब्रू वाचता येत नव्हते.

“काय लिहिलंय रे?”

“पप्पांचं नाव. आणि इस्रायलला आल्यावर आपण घेतलेलं आडनाव.”

“झिराडकर नाही?”

“आई, इथे कुणाला उच्चारता येतंय ते?”

“त्यांना येत होतं.”

रीतीप्रमाणे कबरीवर एक खडा ठेवून मुलगा गाडीकडे वळला.

दिनाबाईंनीही खडा उचलला. पर्समधले पेन काढून त्यावर मराठीत, अलिबागजवळचे आपले गाव सांगणारे ते आडनाव लिहिले. मग खडा कबरीवर ठेवला. लिहिलेली बाजू खाली, पतीच्या दिशेने.