आठ पाणी

ट्रकची फळी गोठ्याला लागली, ती रजेवरून आजच परतलेल्या मावशींनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाहिली. आज हेडमास्तर जाणार होता.

हेडमास्तर म्हणजे केंद्रातला सर्वांत गुणी वळू. घंटा झाली की आपल्या पायांनी येऊन उभा राहायचा, म्हणून हे नाव. त्याचं वीर्य प्लॅस्टिकच्या बारीक कांड्यांत भरून गोठवायचं आणि गावोगावच्या गाईंसाठी पाठवायचं, हे केंद्राचं काम. पण गेले तीन आठवडे कांडी वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की निम्मे शुक्राणूही हलत नव्हते. इतर वळूंचे आकडेही घसरले होते. याचे सगळ्यांत जास्त. सलग तीनदा नापास झालेला वळू बाद, असा नियम.

नेमके तेच तीन आठवडे मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या बावीस वर्षं त्यांनीच धुतल्या. महिनाअखेर त्या निवृत्त होणार. जागा सुनेला मिळावी म्हणून रजेत तिलाच मोरीपाशी उभं केलं होतं. "माझ्यापेक्षा काकणभर सरस निघेल," असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून गेल्या होत्या.

मांडणीवरच्या नळ्या आरशासारख्या चमकत होत्या. मावशींनी एक उचलली. तिच्यात शुद्ध पाणी ओतलं, अंगठ्यानं तोंड दाबलं आणि हलवली.

वर फेस आला. पांढरं कडं, मोडता मोडेना.

साबणाचा अंश राहिला की वीर्यातला जीव जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. नळी तिथंच ओतून दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. सून दाराशी उभी होती, तोंड एवढंसं झालेलं. मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतून फळीकडे. मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि नळी नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"हेडमास्तर नापास नाही, साहेब. नळी नापास आहे."

डॉक्टर बघतच राहिले. "तीन आठवडे आमच्या तोंडाला फेस आणला, तो हा होय! कुणी धुतल्या या?"

"शिकवलं मीच होतं..." मावशींनी सुरुवात केली.

"नाही, आई." सून पुढे आली. "तुम्ही आठ पाण्यांतून काढायला सांगितलं होतंत. मला वाटलं, साबण दुप्पट लावला की चार पुरतील. चूक माझी आहे."

डॉक्टर तडक बाहेर गेले. त्यांनी ट्रक थांबवला. ड्रायव्हर कुरकुरला, "काय, हेडमास्तरांची बदली रद्द का?"

एक नळी पुन्हा मोरीत आली. साबण थेंबभरच. मग आठ पाणी, त्यातली शेवटची तीन शुद्ध पाण्याची. मग भट्टीत सुकवणं. हेडमास्तर फळीवरून मागं फिरला आणि शहाण्यासारखा आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्याचं वीर्य त्या नळीत घेतलं, तपासलं, पातळ केलं, तासन्‌तास हळूहळू थंड केलं आणि कांड्यांत भरून गोठवलं. तोवर दिवस कलला. मावशी पाठीमागे हात बांधून भिंतीशी उभ्या होत्या.

डॉक्टरांनी एक कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली. थेंब काचेवर घेतला. डोळा लावला.

"पासष्ट टक्के!" ते स्टुलावरून उठलेच. "काढा रे ती फळी!"

मग मावशींकडे वळले. "याला म्हणतात बावीस वर्षांचा हात. तो दुसऱ्या कुणाला यायचा नाही. सुनेला उद्यापासून आणू नका."

मावशींची मान ताठ झाली.

"माझं बोटसुद्धा लागलेलं नाही त्या नळीला, साहेब. आमच्या सुनेनं धुतलीय ती."