मिठाचा खडा

रोह्याहून निघताना उबेदनं धोंडुबाईंसाठी केळी घेतली होती. पेणच्या त्या घरात शिरलं की एरवी त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग पुंडलिकच्या आठवणी. आज धोंडुबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. पुंडलिक, निलेश आणि उबेद इंग्लंडात लीड्सला एका खोलीत राहून शिकत होते. पुंडलिक तिथंच न्यूमोनियानं गेला. निलेशनं आता त्यावर कादंबरी लिहिली होती, आणि धाकट्या लेकीनं ती आईला वाचून दाखवली होती.

"माझं पोर मरत व्हतं, नि तू बर्फ बघायला गेला व्हतास?"

"मी नाय गेलो, मावशी. निलेश गेला होता."

"खोटं नको बोलूस. शेवटची पेज त्यानं भरवली. मिठागरवाल्याचा पोर हाय मी, अजून एक खडा टाक, असं पुंडलिक तापातपण हसून बोलला, ते सुद्धा लिवलंय त्यानं. जवळ बसल्याबिगर हे कुणाला कळेल?"

उबेदनं केळी उंबऱ्यावर ठेवली. खड्याचं ते त्यानंच निलेशला सांगितलं होतं. बर्फ बघून निलेश परतला त्या दिवशी, त्याच्या गळ्यात पडून रडताना.