सुईणीच्या हातावर पाणी

"गेर्गिनाला बोलावशील तर सणाची सभा होईल," असं गावच्या सुईणीने, स्तोयांका आजीने, रालित्साला बजावलं होतं. राली हसली होती. सोफियात शिकून आलेली, पहिलीच लेक कडेवर. तिला वाटलं, दोन म्हाताऱ्यांचं जुनं काहीतरी भांडण असेल.

आता सभाच चालली होती. बल्गेरियातल्या त्या छोट्या गावच्या वाचनालयात आजी मधोमध बसली होती. गळ्यात सणाच्या रिवाजाची वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ, हात मांडीवर मिटलेले. सुईणीच्या सणाला वर्षभरातल्या बाळंतिणी तिच्या हातांवर पाणी घालतात, साबण-टॉवेल देतात, मग बायकाबायकांत खाणं, पिणं आणि पुरुषांनी कान झाकावेत असे विनोद. सगळ्यांत ताजं बाळंतपण जिचं, तिचा मान पहिला.

या वर्षी ती सेव्दा होती, खालच्या रोमांच्या, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्या वस्तीतली. बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हा आजीनेच तिचं बाळंतपण केलं होतं. तान्हं छातीशी धरून ती दारातच अडकली होती, कारण वाचनालयाची अध्यक्ष गेर्गिना चौकटीला हात लावून उभी होती.

"तुमचा सण तुमच्याकडे करा ना, बाई."

"सुईण एकच आहे, मावशी."

"सुईण एक, आणि पोरं बघा यांची! एक मांडीवर, एक पोटात, एक दुकानातून बिस्किटं उचलतंय." बायका फिसकन हसल्या. "शाळेत जाऊन बघा. आपलं पोर दुर्बिणीने शोधावं लागतं. राली, सुरई घे, आधी तू घाल. आणि एकीवर थांबू नकोस हं! तुम्ही शिकलेल्या एक काढून दमता, म्हणून ही वेळ आलीय आपल्यावर."

गेर्गिना मावशीने आपला फोन चित्रीकरणासाठी खिडकीत उभा करून ठेवला होता. गाव अजून जिवंत आहे, हे जिल्ह्याला दाखवायचं होतं. त्या चित्रात राली हवी होती. सेव्दा नको होती.

रालीने लेक शेजारणीकडे दिली आणि सुरई उचलली. आजीचे हात काही उघडेनात.

"मान तिचा आहे," आजी म्हणाली. "ती आत येईपर्यंत मी अशीच बसते."

"म्हातारी विकली गेली त्यांना," मागून कोणीतरी बोललं.

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. मावशीचा चेहरा उजळला. लेक होती तिची, योआना, जर्मनीतून. "थांबा, नात दाखवते माझी! बाराच दिवसांची आहे!" तिने आवाज मोठा केला आणि फोन सगळ्यांकडे वळवला.

नात दिसली नाही. योआनाचा लालबुंद, सुजलेला चेहरा दिसला.

"आई, कोणीतरी बाबागाडी जिन्यावरून ढकलून दिली. रिकामी होती म्हणून बरं. खालची बाई ओरडत होती, हे बल्गेरियन येतात आणि नुसती पिल्लं काढतात, उद्या आम्हालाच घर उरणार नाही. आई, मला ताप आहे गं. टाक्यांना घाण वास येतोय. तुझा जावई प्लामेन ट्रक घेऊन स्पेनला गेलाय, त्याचा फोन लागत नाही. मला इथली भाषा येत नाही, दवाखान्याला काय सांगू?"

मावशी आवाज कमी करायचं बटण शोधत राहिली.

"एकटी आहे?" दारातून सेव्दाने विचारलं. "बाराव्या दिवशी?" तिने तान्हं एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा फोन काढला. "मावशी, आपल्या इथले सगळे तिकडे त्याच गावात आहेत. माझी नणंद तिथे हॉटेलात खोल्या साफ करते, भाषा येते तिला. पत्ता सांगा. लगेच जाईल, दवाखान्यात नेईल."

"सांग, गेर्गिना," आजी म्हणाली.

रालीने सुरई खाली ठेवली. "मावशी, टाके चिघळलेत तिचे. हा ताप साधा नाही. वेळ घालवू नका."

गेर्गिनाने सगळ्यांकडे पाहिलं. मग दाराकडे.

"जिप्सी बाई? माझ्या लेकीच्या घरात?"

तिने फोन बंद केला, सेव्दाला खांद्याला धरून बाहेर लोटलं आणि कडी घातली. "माझ्या लेकीचं मी बघून घेईन."

राली तेव्हापासून योआनाला फोन लावते आहे. घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही. पत्ता मावशी अजून कोणाला सांगत नाही. म्हणून तुम्हालाच विचारायचं: तुमच्या इमारतीत परक्या देशातली कोणी नवी बाळंतीण राहते का? आज तिच्या दाराशी जा. दार लगेच उघडणार नाही. परत फिरू नका. तिला ताप आहे का, तेवढं विचारा.