आणखी आत

मुलगा अपघातात गेला. त्या सकाळी कामावर निघताना त्याने कॉम्प्युटरला फ्रॅक्टलचं एक चित्र काढायला लावलं होतं. नक्षीत नक्षी, तिच्या आत पुन्हा तीच नक्षी. चित्र बारा दिवस रेघेरेघेने उमटत राहिलं. आईने कॉम्प्युटरला कुणाचा हात लागू दिला नाही. ती समोर नुसती बसून असायची. डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही.

आज शेवटची रेघ भरली आणि पंख्याची घरघर थांबली.

"झालं ना पुरं? बंद कर आता," वडील हलकेच म्हणाले.

"यात अजून आत जाता येतं, तो सांगायचा." तिने नक्षीच्या एका कोपऱ्यावर क्लिक केलं. पंखा पुन्हा घरघरू लागला.

वडिलांनी पडद्यावरचा आकडा वाचला.

"चाळीस दिवस लागतील म्हणतोय," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.